उजव्या हाताचं झाड

पौषातला तिसरा रविवार. देवकाबाईनं पहाटे गार पाणी अंगावर घेतलं, अंगणात रांगोळीचा सूर्य काढला, उगवत्याला तांब्याचं पाणी सोडलं आणि तोंड मिटलं. पौषातले रविवार ती अळणी जेवे आणि दिवस मावळेपर्यंत बोलत नसे. अळणीचं व्रत सासूपासून चालत आलेलं. मौन मात्र तिनं स्वतः घेतलं होतं, मागच्या साली सून मोहिनीचं पाचव्या महिन्यात पडलं तेव्हा. आता मोहिनीला पुन्हा सातवा लागला होता.

घरात मधोमध बाभळीचा टेकू उभा होता. भादव्यात म्याल तडकला. म्याल म्हणजे घराची पाठ, छपराच्या मधोमध जाणारं आडवं लाकूड. सगळे फाटे, सगळे कवेलू त्याच्याच जिवावर. मुलानं, अंकुशनं, खालून टेकू दिला आणि तेव्हापासून घरातलं माणूस टेकूला वळसा घालून चालू लागलं. मोहिनीचं पोट पुढे आलं तसा तिचा वळसाही मोठा झाला. वारा सुटला, कवेलू किरकिरले, की ती हातातलं काम टाकून अंगणात येऊन उभी राही. नवा म्याल चढल्याशिवाय ह्या छपराखाली बाळंतीण निजवायची नाही, एवढं सगळ्यांचं ठरलेलं होतं. पहिल्या वेळचा अनुभव वाईट, म्हणून नाव वर्ध्याच्या दवाखान्यात घातलेलं. आंजीवरून तासाभरात पोचता येई. मोहिनीचं माहेर पार गिरडकडे, टेकडीच्या पायथ्याशी. तिथून दवाखाना लांब.

महिनाभर खेटे घातल्यावर झाड तोडायचा कागद मिळाला. त्यावर लिहिलं होतं: ऐन, एक झाड. अंधाऱ्या पंधरवड्यात तोडलेल्या लाकडाला कीड धरत नाही, आणि अंकुशला वर्ध्याच्या जिनिंगमधून सुटी फक्त रविवारची. मोडलेलं सांधायला पौष आड येत नाही, असं देवकाबाईचे यजमान अण्णाजी म्हणाले, आणि झाडाबाबत अण्णाजी म्हणाले की मग बोलणं संपलं.

पस्तीस वर्षं त्यांनी जंगलात झाडांवर खुणा करायचं काम केलं होतं. साहेब लोक पुस्तक उघडेपर्यंत अण्णाजी नाव सांगून पुढच्या झाडाशी गेलेले असत. चार गावांतून लोक त्यांना लाकूड निवडायला घेऊन जात. "पानं असली का बकरी बी झाड वळखते," ते म्हणत. "पौष-माघात वळखलं तर वळखलं."

दोन वर्षांपासून त्यांच्या डोळ्यांत धूर भरला होता. लोकांना वाटे, मोतीबिंदू आहे, पिकला की काढतील. तपासायच्या खोलीत त्यांच्यासोबत फक्त देवकाबाई होती. डोळ्यामागची शीर वाळली, आता उपाय नाही, हे डॉक्टरनं सांगितलं तेव्हा अंकुश बाहेर नंबरचा कागद धरून बसला होता. बाहेर आल्यावर अण्णाजी म्हणाले, "थेंब दिले," आणि देवकाबाईनं मान हलवली. तेव्हापासून ती त्यांच्या अर्धं पाऊल पुढे चाले.

आजही तशीच चालली होती, डोक्यावर भाकरीचं गाठोडं. मागं अंकुश कुऱ्हाड घेऊन, आणि झाडं कापायचं मशीन खांद्यावर टाकून गावातला नीलेश. यंदा पाऊस दसऱ्याआधीच पाठ फिरवून गेला, म्हणून पौषातच सगळी झाडं उघडी पडली होती. तुरीच्या पलीकडे नाल्याचा काठ नुसता काड्यांचा दिसत होता.

"काका, सगळेच मेल्यावानी दिसून राह्यले," नीलेश म्हणाला. "मले तर सारे विजेचे खांब वाटतात."

"तुले तर डोक्यावर पदर घेतला का तुही माय बी वळखू येनार नाई," अण्णाजी म्हणाले. अंकुश हसला.

"बरं, हे कोनतं सांगा मंग."

देवकाबाईनं जाता जाता खोडाचा एक पापुद्रा ओढला आणि अण्णाजींच्या मुठीत सरकवला. त्यांच्या अंगठ्यानं तो चुरगळला.

"सालई. कागदावानी साल सुटते तिची. हुंगून पाह्य, राळेचा वास येईन."

नीलेशनं नखानं साल खरवडली. "खरंच बाप्पा!"

पुढच्या झाडाची एक फांदी तिनं कडकन मोडून हातात दिली. "मोई. काडी कशी बोथट, जाड्या मानसाच्या बोटावानी." त्याच्या पुढच्या खोडाला तिनं नवऱ्याची काठी धरून घासली, काठी कुठेच अडकली नाही. "धावडा. अंगावर सुरकुती नाई." आणि मागं वळून, "पाहून ठेव रे अंकुश. मी गेल्यावर कोनाले विचारशीन?"

"तुमी कायले जाता आता," अंकुश म्हणाला. देवकाबाईला बरं वाटलं. वाचा मिटली तरी देवानं हात मोकळे ठेवलेत, असं तिच्या मनात आलं.

नाल्याशी येऊन सगळे थांबले. पल्याडच्या थडीवर त्यांचंच अर्धं एकर, आणि त्याच्या धुऱ्यावर, बांधावर, दोन झाडं शेजारी-शेजारी, दोन्ही सरळ सोट, दोन्ही उघडी. नाल्यात कमरेएवढे धोंडे आणि मधे हिरवं पाणी. अण्णाजींनी काठीनं एक धोंडा चाचपला, गुडघा उचलला आणि परत ठेवला.

"मी इथूनच सांगतो," ते म्हणाले.

"पलीकडे येत नाई का बाबा? हात लावून पाह्यलं असतं."

"ऐन वळखाले हात लावा लागते काय मले? झाड लांबून वळखावं, त्याच्या उभं राह्यच्या ढबीवरून." ऊन समोरून येत होतं. त्यांनी कपाळावर हात धरला. देवकाबाई घाईनं भाकरीचं गाठोडं उतरवू लागली, पण तिचा हात पोचायच्या आत ते बोलून गेले, "उजव्या हाताचं. तेच पाडा."

उजव्या हाताचं बेहड्याचं होतं.

तिला ते पाहायचीही गरज नव्हती. लग्न होऊन आली तेव्हापासून ती ह्या थडीवर काड्या वेचत आली. अण्णाजींचा जन्म सरकारी जंगलात गेला, ह्या धुऱ्यावर त्यांचं पाऊल क्वचितच. डावं ऐनाचं, मगरीच्या पाठीसारख्या चौकोनी भेगांचं. उजवं राखी रंगाचं, अंगावर बारीक उभ्या रेघा. ऐनाचं लाकूड तीन पिढ्या म्याल होऊन राहतं. बेहड्याचं लाकूड दोन पावसाळ्यांत पोखरून जातं, आणि तेही परवडलं. बेहडा घरात घालतच नाहीत. त्यात वाईट वस्तीला असतं, त्याच्याखाली पाळणा हलत नाही, हे तिला कुणी पोथीतून सांगितलं नव्हतं, अण्णाजींनीच सांगितलं होतं. वीस वर्षांपूर्वी गल्लीतल्या सदाशिवरावांनी न कळत गोठ्याला बेहड्याचा म्याल घातला, तर अण्णाजींनी भर गावात त्यांची अक्कल काढून तो उतरवायला लावला होता.

अंकुश आणि नीलेश धोंड्यांवरून पार झाले. देवकाबाईनं नऊवारीचा घोळ खोचला आणि पाण्यात उतरली. पल्याड उजव्या झाडाखाली बेहडे पडलेले होते, राखी, मखमली सालीचे, सुपारीएवढे. तिनं एक उचलला आणि परत येऊन नवऱ्याच्या तळहातावर ठेवला. त्याची बोटं मिटवली.

अण्णाजींचा अंगठा त्यावरून फिरला. एकदा, परत एकदा. मग तो थांबला. पलीकडे कुऱ्हाडीचा पहिला घाव बसला, टप् करून, आणि नीलेश ओरडला, "काका, हेच ना?"

देवकाबाई त्यांच्या तोंडाकडे पाहत होती.

"हेच," अण्णाजी म्हणाले. मूठ उघडून त्यांनी बेहडा खाली पडू दिला. "बुढे, पोराइसमोर असा खेळ नको मांडू." हे त्यांनी अगदी हळू म्हटलं.

तिच्या तोंडात शब्द आला होता. दातांच्या मागं येऊन उभा राहिला होता. एक हाक मारली असती तर अंकुश थांबला असता. दिवस डोक्यावर यायचा होता, मौन मोडायला अजून अवकाश होता, आणि मोहिनीच्या पोटासाठीच तर ते धरलेलं. ती उभी राहिली. मशीन सुरू झालं.

झाड पडल्यावर अंकुशनं हात धरून बापाला धोंड्यांवरून पार नेलं. कापलेलं बूड पिवळट, फिकट होतं. ऐनाला असतो तसा काळसर गाभा त्याला नव्हताच.

"हे तर पांढरंच दिसून राह्यलं काका," नीलेश म्हणाला.

"ओलं हाय. वाळल्यावर काळं पडते." अण्णाजी वाकले, नाक बुडाला लावलं, दोन श्वास घेतले. "ऐनच."

कापलेल्या बेहड्याचा घाण वास देवकाबाईला तीन हातांवरून येत होता. ह्यांना तोही येत नव्हता. करोनाच्या साली तोंडाची चव गेली म्हणत होते. नंतर आली म्हणाले, तेही थेंबांसारखंच होतं तर. डोळे गेले, नाक गेलं. चाळीस वर्षं हा माणूस हाताशी होता आणि आत काय काय विझलं ते तिलाही कळलं नव्हतं.

दिवस मावळला. तिनं सूर्याला हात जोडले, गुळणी केली आणि अंगणातल्या बाजेशी येऊन बसली. ट्रॅक्टरनं ओढून आणलेला, सोललेला म्याल समोरच पडला होता.

"अजी."

"हं."

"तो बेहडा होये."

अण्णाजी काठीच्या टोकानं माती उकरत राहिले. "तुले कोनं सांगतलं?"

"चाळीस वर्सं तुमच्या मागं भाकर घेऊन हिंडली ना मी. आन् तुमच्या हातात दिला होता तो काय गोटा होता?"

"मले मालूम झालं," ते म्हणाले. "हातात आला तवाच मालूम झालं. पन तोंडातून सुटलं होतं, बुढे. घाव बसला होता." मग म्हणाले, "कागद एकाच झाडाचा हाय. आता दुसरं कोन तोडू देईन? आन् सदाशिव काय म्हनन?"

"म्हनन तर म्हनू द्या. पोरीच्या पोटात लेकरू हाय."

"पोराले सांगू नको. मी पाहतो काय कराचं ते."

बाकी लोक ह्या माणसाला काय समजतात ते तिला ठाऊक होतं. झाडाचं नाव हेच त्यांचं उरलेलं नाव होतं. ती म्हणाली, "पाहा मंग," आणि चुलीकडे गेली. मोहिनी भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही.

गुरुवारी सकाळी म्याल चढवायचा होता. अंकुशनं अर्धा दिवस रजा काढली. गल्लीतली सहा माणसं आली, त्यात सदाशिवरावही. म्हातारपणी कंबर धरत आलेले, पण आले.

"ह्या मानसानं माह्या गोठ्याचा म्याल खाली उतरवला होता बरं का," ते सगळ्यांना सांगू लागले. "भर गावात म्हने, सदाशिवा, तुले डोळे हायेत का कवड्या? तीन दिवस बायको बोलली नाई मले." लोक हसले. सदाशिवरावांनी म्यालावरून हात फिरवला. हात मधेच थांबला. त्यांनी बोटाचं नख लाकडात रोवलं, मग अण्णाजींकडे पाहिलं, बराच वेळ. अण्णाजी भलतीकडेच तोंड करून उभे होते.

"लाकूड सरळ हाय हो," सदाशिवराव म्हणाले, आणि धोतराचा काचा मारून टोकाशी जाऊन उभे राहिले.

"आई, कुंकू लाव," अंकुश म्हणाला.

घरच्या सवाष्णीनं हळदकुंकू लावल्याशिवाय म्याल उचलत नाहीत. देवकाबाई ताट घेऊन पुढे आली. सहा माणसं वाकलेली, दोर ताणलेले, मोहिनी दाराशी भिंतीला धरून उभी. देवकाबाईचं बोट कुंकवात गेलं आणि तिथंच राहिलं. हे ज्याला लावायचं त्याला ती देव म्हणून लावणार होती. आयुष्यात तिनं खोट्या देवाला हात जोडला नव्हता.

"आई?"

अण्णाजींना ताट दिसत नव्हतं. पण कुणीच हलत नाही हे त्यांना ऐकू येत होतं. त्यांची मान किंचित खाली गेली, मार खायला तयार झालेल्या बैलासारखी.

तिनं कुंकू लावलं. पाच ठिकाणी. नारळ फुटला. "हां, उचला!" झालं, आणि म्याल वर गेला. टेकू काढला. घर एकदम रिकामं, मोठं वाटू लागलं. मोहिनी वळसा न घालता सरळ चालत चुलीपर्यंत गेली.

त्या दिवसापासून अण्णाजी बिघडले.

पहिल्यांदा वरणावरून. "मीठ हाय का नाई यात?" मीठ होतं. मग आंघोळीच्या पाण्यावरून, मग कोंबड्या कोंडल्या नाहीत म्हणून. सुनेशी चढ्या आवाजात न बोललेला माणूस. बाहेरून आले की खोकून मग उंबरा ओलांडत. मोहिनीनं पहिल्या दिवशी पाणी बदलून दिलं. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "मामाजी, तब्येत बरी नाई का तुमची?"

"माही तब्येत तुले पाह्यची नाई. तू आपली पाह्य."

शनिवारी संध्याकाळी अंकुश कामावरून येऊन पाय धूत होता. अण्णाजींना त्याची मोटरसायकल ऐकू आली होती. ते बाजेवर उठून बसले आणि आतल्या दाराकडे तोंड करून म्हणाले, "हिच्या मायबापाले निरोप धाडा. घेऊन जा म्हना. मागचं पोटातच खाल्लं, हे बी खाईन. माह्या घरात नको."

चुलीशी परात वाजली. अंकुश ओल्या पायांनी आत आला.

"बाबा, काय म्हनले तुमी?"

"आयकलं तेच म्हनलं."

"माफी मांगा तिले."

"सुनेले? पांढऱ्या पायाची आनली तू."

अंकुशनं हात उगारला. हात वरच राहिला; अण्णाजींनी तो चुकवला नाही, चुकवायला दिसायला तर हवा. देवकाबाई मधे पडली. अंकुशनं हात खाली घेतला आणि म्हणाला, "उद्या नेऊन घालतो तिले. आन् आजपासून तुमी मले बाप नाई."

अण्णाजी भिंतीकडे तोंड करून निजले. देवकाबाईनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला तर पाठ थरथरत होती. तेव्हा तिला कळलं, "मी पाहतो" म्हणजे काय ते.

दुसऱ्या दिवशी पौषातला शेवटचा रविवार. सूर्याला पाणी सोडून ती तोंड मिटून मोहिनीची पिशवी घेऊन निघाली. तिघं ऑटोनं आंजीला आले. अंकुश वर्ध्याची एसटी कधी आहे ते विचारायला पानठेल्याकडे गेला. दोघी सिमेंटच्या बाकावर बसल्या. थंडी होती, मोहिनीनं शाल पोटावरून घेतली होती.

"बरं हाय आई," मोहिनी समोर पाहत म्हणाली. "आज तुमचं मौन हाय. तुमाले काई बोलावं लागत नाई."

देवकाबाईनं वर पाहिलं. सूर्य कडुनिंबाच्या शेंड्यावर होता. ती म्हणाली, "मोहिनी."

मोहिनी दचकली.

"तो म्याल बेहड्याचा हाय. त्यायले डोळ्यानं दिसत नाई आता. वास बी येत नाई. चुकलं त्यायचं, आन् मी तोंड उघडलं नाई. तुले त्याच्याखालून काढाले बोलले ते. मनातलं नव्हतं, बाई."

मोहिनी शालीची किनार दुमडत राहिली.

"मले मालूम हाय," ती म्हणाली. "मी टेकडीखालची पोरगी हाय. म्याल आंगनात येऊन पडला तवाच मले वास आला. चार दिवस वाट पाह्यली, आता सांगतीन, मंग सांगतीन. मी सांगतलं असतं तर सून मोठी शहानी झाली असती, आन् त्यायचं नाव गेलं असतं. म्हनलं, म्हातारं मानूस हाय, आपल्या तोंडानं सांगू द्या."

"तू बी?"

"मी बी. सदाशिवकाका बी. तुमी पाह्यलं नाई त्यायचं तोंड?" तिचा आवाज तोवर सरळ होता, आता फाटला. "नुसतं जा म्हनले असते तरी गेली असती मी. काऊन म्हनून विचारलं नसतं. पन ते मागच्या लेकराचं जे बोलले ना आई... ते खोटं होतं हे मले मालूम हाय. तरी ते आता माह्या कानातून जानार नाई."

देवकाबाईनं तिचा हात धरला. तो बर्फासारखा होता.

"अंकुशले सांगतो मी."

"नका सांगू. राग येऊन राह्यला तर येऊ द्या. त्यायचा बाप आंधळा झाला, हे बापाच्याच तोंडून आयकू द्या त्यायले."

एसटी आली. अंकुशनं पिशवी चढवली, मोहिनीला खिडकीशी बसवलं आणि आईकडे न पाहताच आत गेला. गाडी वळली. वर्ध्याहून पुढे गिरडला पोचेपर्यंत दुपार कलणार होती, आणि तिथून दवाखाना किती लांब, हे देवकाबाई मनात मोजत राहिली. मोजून झालं की परत पहिल्यापासून मोजत.

परत ती पायीच आली. तुरीच्या शेंगा वाळल्या होत्या, वाऱ्यानं खुळखुळत होत्या. घरी अण्णाजी उंबऱ्यात बसले होते. पावलं ओळखून त्यांनी मान वर केली.

"गेली?"

तिनं त्यांच्या खांद्यावर एकदा हात दाबला. मौनाच्या दिवशी एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही, असं त्यांचं ठरलेलं होतं.

"रडत होती?"

दोनदा दाबला.

"काई बोलली? माह्याबद्दल? तिले काई समजलं तर नाई ना, बुढे?"

तिचा हात खांद्यावरच होता. तो दाबून खोटं सांगता येईना. हातानं तिनं त्यांना आजवर कधी चुकीचं काही सांगितलं नव्हतं.

"नाई," ती तोंडानं म्हणाली. "काईच बोलली नाई. तिले काई मालूम नाई."

अण्णाजींचा चेहरा तिच्याकडे वळला, थोडा बाजूला, आवाजाच्या अंदाजानं. काहीतरी विचारायला ओठ हलले. मग त्यांनी मान खाली घातली आणि उठून, भिंत चाचपत, आपली गोधडी घेऊन बरोबर म्यालाखाली अंथरली. देवकाबाईनं तिची त्यांच्या शेजारी टाकली. अंगणात ऊन पडलेलं होतं. दिवस मावळायला अजून बराच वेळ होता.